समितीसमोरची सुनावणी आणि तिच्याआधीचे काम

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, संसदीय समितीसमोर एखाद्या विधेयकावर किंवा नियमांवर सुनावणी होते तेव्हा लॉबिस्ट (म्हणजे एखाद्या गटाची बाजू धोरण ठरवणाऱ्यांपुढे मांडण्याचे काम करणारे) आणि हितसंबंधी गट तिच्यावर नेमका कसा प्रभाव टाकतात, त्यात पैशांची देवाणघेवाण होते का, आणि सामान्य नागरिकांच्या संस्थांना त्यापुढे काही करता येते का. मी सुमारे बावीस वर्षे हेच काम करत आलो आहे. पहिली आठ वर्षे एका उद्योग संघटनेसाठी समित्यांना द्यायची निवेदने तयार केली आणि त्यानंतर आजवर सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील संस्थांसाठी तेच करतो. दोन्ही बाजूंनी साक्षीदार म्हणून, किंवा साक्षीदारांच्या मागच्या रांगेत कागद घेऊन, बसलो आहे. त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

पैशांबद्दल आधी सांगतो. समितीच्या कामात रोख व्यवहार झालेला मी कधी पाहिला नाही. जो प्रभाव मी जवळून पाहिला तो कागदांचा होता, आणि तो तीन ठिकाणी काम करतो: साक्षीला कोणाला बोलावले जाते, साक्षीच्या वेळी कोणता प्रश्न विचारला जातो, आणि अहवालात ती गोष्ट कोणत्या शब्दांत उतरते. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी बैठकीच्या दिवसाआधीच ठरलेल्या असतात. म्हणून सुनावणीच्या दिवशी खोलीत काय घडले एवढेच पाहणाऱ्या माणसाला प्रभाव दिसत नाही.

आपल्याकडची पद्धत थोडक्यात अशी आहे. विभागसंबंधित स्थायी समित्या 1993 पासून आहेत. आज त्या 24 असून प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 असे 31 सदस्य असतात. मंत्र्यांना त्यांचे सदस्य होता येत नाही. सरकारने कायद्याखाली केलेले नियम तपासण्यासाठी वेगळी उपविधान समिती असते. लोकसभेच्या या समितीत 15 सदस्य असतात. विधेयक समितीकडे आले की बहुधा वृत्तपत्रांत जाहिरात येते आणि साधारण पंधरा दिवसांत, इंग्रजी किंवा हिंदीत, दोन प्रतींमध्ये निवेदने मागवली जातात. आलेल्या निवेदनांतून काही जणांना तोंडी साक्षीसाठी बोलावले जाते. समितीच्या बैठका लोकसभेच्या नियम 266 प्रमाणे खासगी असतात आणि अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत सगळे गोपनीय राहते. अहवालातील शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मात्र एखाद्या मंत्रालयाला एखादा निर्णय पुढे ढकलायचाच असेल, तर समितीच्या एका परिच्छेदाचाही त्याला पुरेसा आधार मिळतो.

आता त्या पंधरा दिवसांचा विचार करा. उद्योग संघटनेत असताना जाहिरात येण्याच्या कितीतरी आधी आमचे निवेदन तयार असे, कारण विधेयकाचा मसुदा मंत्रालयात फिरत असतानाच त्यावर आमचे काम सुरू झालेले असायचे. कलमवार तक्ता, एका रकान्यात मूळ शब्द, दुसऱ्यात आम्हाला हवे असलेले शब्द, तिसऱ्यात कारण. समिती सचिवालयातील अधिकारी मेहनती असतात, परंतु संख्येने थोडे, आणि एकाच अधिवेशनात त्यांच्यापुढे अनेक विषय असतात. शेकडो पानांच्या निवेदनांतून त्यांना समितीसाठी मुद्द्यांची यादी काढायची असते. ज्याचे निवेदन कलमवार, स्वच्छ आणि आकडेवारीसह असते त्याचे मुद्दे त्या यादीत सहज येतात, आणि ज्याने कळकळीने पण विस्कळीत पत्र लिहिले असते त्याचे पत्र ‘इतर सूचना’ या मथळ्याखाली जाते. यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही. तयारी ज्याची पुरी, त्याची भाषा अहवालात शिरते.

प्रश्नांचेही तसेच आहे. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी आम्ही काही सदस्यांच्या निवासस्थानी जात असू. हातात एकच पान असायचे. त्यावर विषयाची चार ओळींत माहिती आणि खाली तीन प्रश्न. फाईल दिली तर ती टेबलावर राहते, एकच पान दिले तर ते खिशात जाते, हे मला माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. एकदा मी घाईत टाईप केलेल्या प्रश्नात एका तांत्रिक संज्ञेचा चुकीचा शब्द पडला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही साक्षीसाठी बसलो असताना एका सदस्यांनी मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना नेमका तोच प्रश्न त्याच चुकीच्या शब्दासह विचारला. अधिकारी गोंधळले, समितीच्या अध्यक्षांनी त्यांना लेखी उत्तर द्यायला सांगितले, आणि ‘मंत्रालयाला समाधानकारक खुलासा करता आला नाही’ अशा आशयाचे वाक्य पुढे अहवालात आले. त्या दिवशी मला आमच्या कामाचे वजन पहिल्यांदा कळले आणि त्याची भीतीही वाटली. ते सदस्य प्रामाणिक होते. दिवसाला चार विषय हाताळणाऱ्या, स्वतःचा संशोधन कर्मचारी नसलेल्या खासदाराला कोणीतरी प्रश्न तयार करून देणे ही त्यांची गरज होती, आणि ती गरज आम्ही भागवत होतो.

हे सगळे उघड्यावर आलेले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे तंबाखूच्या पाकिटांवरील इशाऱ्याचे. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा 2003 चा; चित्ररूप इशारे प्रत्यक्षात आले ते 31 मे 2009 पासून, तेही पाकिटाच्या पुढच्या बाजूच्या 40 टक्के भागावर. मूळ अधिसूचनेतील तीव्र चित्रे तोपर्यंत सौम्य होऊन विंचू आणि फुप्फुसाच्या क्ष-किरण चित्रापर्यंत आली होती. 15 ऑक्टोबर 2014 रोजी, डॉ. हर्षवर्धन आरोग्यमंत्री असताना, पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापावा अशी अधिसूचना निघाली: 60 टक्के चित्र आणि 25 टक्के मजकूर. ती 1 एप्रिल 2015 पासून लागू व्हायची होती. हे नियम उपविधान समितीकडे तपासणीला आले. समितीचे अध्यक्ष तेव्हा अहमदनगरचे खासदार, आता दिवंगत, दिलीप गांधी होते. मार्च 2015 मध्ये समितीने अंतरिम अहवाल देऊन, आपली तपासणी पूर्ण होईपर्यंत अंमलबजावणी थांबवावी असे सुचवले आणि 26 मार्चला सरकारने ती थांबवली.

त्याच सुमारास गांधी यांनी जाहीरपणे असे म्हटले की, तंबाखूच्या दुष्परिणामांचे जे अभ्यास सांगितले जातात ते परदेशातले आहेत आणि तंबाखूमुळे कर्करोग होतो असे दाखवणारे सर्वेक्षण भारतात झालेले नाही. देशभर संताप झाला. महाराष्ट्रात तो अधिक बोचला, कारण जेमतेम दीड महिन्यापूर्वी, 16 फेब्रुवारी 2015 रोजी, आर. आर. पाटील यांचे मुखाच्या कर्करोगाने निधन झाले होते. पण आमच्या क्षेत्रातील लोकांना त्या विधानाचा साचा ओळखीचा वाटला. ‘भारतीय अभ्यास नाही’ हा युक्तिवाद उत्स्फूर्त नसतो. परिणाम नाकारता येत नसेल तर पुरावा आपल्या देशाचा नाही असे म्हणावे, त्यामुळे नवा अभ्यास मागता येतो आणि अभ्यासाला वर्षे लागतात, हे तंत्र या उद्योगाने जगभर वापरले आहे. ते वाक्य समितीपर्यंत कोणत्या वाटेने गेले याचा लेखी पुरावा माझ्याकडे नाही आणि मी तसा आरोपही करत नाही. बैठका खासगी असल्याने ती वाट बाहेरच्या कोणालाच तपासता येत नाही, हा माझा आक्षेप आहे.

वस्तुस्थिती काय होती? मुंबईतल्या सांघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि पचनमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास 1955 मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला होता. यातले खानोलकर म्हणजे भारतातील विकृतिशास्त्राचा आणि कर्करोग संशोधनाचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर. साठच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाने अनेक जिल्ह्यांत घरोघरी जाऊन सुमारे पन्नास हजार लोकांची तोंडे तपासली. नव्वदच्या दशकात मुंबईत सुमारे एक लाख लोकांचा दीर्घकालीन पाठपुरावा सुरू झाला. परळच्या टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी लागणारी रांग हा वेगळा पुरावा धरला नाही तरी, साठ वर्षांचे छापील काम हाताशी होते. ते समितीच्या टेबलावर योग्य वेळी, योग्य आकारात पोहोचायला हवे होते, आणि ते तसे पोहोचवण्यात आमच्या बाजूच्या संस्थाही कमी पडल्या असे मी मानतो. अधिसूचना निघाली म्हणजे लढाई जिंकली अशा समजुतीत आम्ही ऑक्टोबरनंतरचे महिने घालवले. उपविधान समितीकडे फारसे कोणाचे लक्ष नसते, आमचेही नव्हते.

त्याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता हे सदस्य होते आणि ते विडी उद्योजक होते. ही गोष्ट लपलेली नव्हती. लोकसभेच्या नियम 255 मध्ये समिती सदस्याच्या वैयक्तिक, आर्थिक किंवा प्रत्यक्ष हितसंबंधावर आक्षेप घेण्याची तरतूद आहे आणि त्यावर लोकसभेचे अध्यक्ष निर्णय देतात. मात्र नियमाची व्याख्या अशी आहे की, तो हितसंबंध त्या व्यक्तीचा स्वतःचा, वेगळा असला पाहिजे; एखाद्या वर्गाशी किंवा समाजघटकाशी समान असलेला हितसंबंध त्यात धरला जात नाही. बाहेरच्या नागरिकाला हा आक्षेप घेण्याची सोयही नाही. त्याने तो कोणत्या आधारावर घ्यावा हाही प्रश्नच आहे. राज्यसभेत नियम 293 प्रमाणे सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. लोकसभेसाठी तशीच, सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही असावी ही मागणी म्हणूनच मला तातडीची वाटते.

पुढचा प्रवास लांबलचक आहे. राजस्थान उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारने सप्टेंबर 2015 मध्ये नवी तारीख दिली: 1 एप्रिल 2016. ती जवळ येत असताना, मार्च 2016 मध्ये, समितीने अंतिम अहवाल दिला आणि 85 टक्के हे प्रमाण फार कठोर असून सिगारेटसाठी 50 टक्के असावे, विडी आणि चघळण्याच्या तंबाखूला त्याहून सवलत असावी, असे सुचवले. कारणे होती शेतकऱ्यांची आणि विडी कामगारांची उपजीविका आणि बेकायदा सिगारेटींचा धोका. सरकारने या वेळी शिफारस मानली नाही आणि नियम लागू झाला. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना नियम पाळायला सांगून देशभरातले दावे कर्नाटक उच्च न्यायालयाकडे पाठवले; त्या न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये 85 टक्क्यांचा नियम रद्द केला आणि जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. एका समितीच्या एका अंतरिम अहवालाने उद्योगाला पूर्ण एक वर्ष मिळाले. लॉबिंगचे यश मोजायचे तर ते असे मोजावे: कायदा हाणून पाडण्याची गरज नसते, उशीर पुरतो.

विडी कामगारांच्या मुद्द्यावर मला थांबून बोलायचे आहे, कारण तो खोटा मुद्दा नाही. सिन्नर, सोलापूर, निपाणी या भागांत हजारो बायकांचे घर विड्या वळण्यावर चालत आले आहे. मी आरोग्य संस्थांकडे आल्यावर एका विडी कामगार वस्तीत गेलो होतो. तिथल्या एका मावशींनी मला त्यांच्या अंगठ्याचा कागद दाखवला. इंग्रजीत छापलेला, खाली नाव आणि ठसा. त्या म्हणाल्या, “ठेकेदार म्हणाला दिल्लीला पाठवायचंय, अंगठा दे. काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं न्हाई.” मी तो कागद वाचून दाखवला. त्यात इशाऱ्याच्या चित्राला विरोध होता. त्यांची मजुरी, भविष्य निर्वाह निधी, तंबाखूच्या धुळीने होणारा खोकला यांबद्दल एक ओळही नव्हती. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “मग आमचं तरी लिहा की त्यात.” असे कागद गठ्ठ्याने समितीकडे जातात आणि अहवालात ‘कामगारांकडून मोठ्या संख्येने निवेदने आली’ एवढे एक वाक्य होते. कोणाचे नाव वापरले गेले आणि कोणाचा आवाज पोहोचला, हे त्या वाक्यातून समजत नाही. इंग्रजी किंवा हिंदीतच निवेदन मागवण्याच्या पद्धतीमुळे मराठी, कन्नड किंवा तेलुगू बोलणारी कामगार स्त्री पहिल्याच पायरीवर दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून राहते.

संख्येच्या बाबतीत राज्याचेही एक उदाहरण आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले तेव्हा 12 हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै 2025 मध्ये विधेयक संमत झाले. एवढ्या सूचना आल्या की समितीला त्यांचे गट पाडावेच लागतात. एकाच मजकुराची हजार पत्रे एका मुद्द्यात मोडतात, आणि एखाद्या व्यक्तीने नेमके कलम, पोटकलम आणि पर्यायी शब्द देऊन पाठवलेले एक पत्रही एका मुद्द्यातच मोडते. म्हणून मी संस्थांना सांगतो की, सह्यांची मोहीम वातावरणासाठी घ्या, पण समितीसाठी वेगळा कागद लिहा.

परदेशाशी तुलना करताना सावध राहावे लागते. अमेरिकेत सुनावण्या बहुतेक उघड असतात, त्यामुळे तिथे प्रभाव नाट्यरूप घेतो. 10 ऑक्टोबर 1990 रोजी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्क गटापुढे नायिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने, इराकी सैनिकांनी रुग्णालयातील अर्भकांना ऊब देणाऱ्या पेट्यांतून (इनक्युबेटरमधून) काढून मरायला सोडल्याची साक्ष दिली. ती कुवेतच्या राजदूतांची मुलगी होती आणि साक्षीची आखणी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने केली होती, हे आखाती युद्धानंतर उघड झाले. तो गट औपचारिक समिती नसल्याने शपथेचे बंधनही नव्हते. दुसऱ्या बाजूला, 14 एप्रिल 1994 रोजी हेन्री वॅक्समन यांच्या उपसमितीपुढे सात सिगारेट कंपन्यांच्या प्रमुखांनी, निकोटिनचे व्यसन लागते असे आपल्याला वाटत नाही, असे शपथेवर सांगितले. कॅमेऱ्यासमोरचे ते शब्द पुढे वर्षानुवर्षे त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. उघड सुनावणीने प्रभाव थांबत नाही, पण नंतर दाखवता येईल अशी नोंद राहते.

त्या देशात 1995 पासून लॉबिंगचा खर्च जाहीर करण्याचा कायदा आहे, आणि त्याचा फायदा एकदा आपल्यालाही झाला. डिसेंबर 2012 मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीने तिथे दाखल केलेल्या विवरणात भारतातील गुंतवणुकीच्या मुद्द्याचा उल्लेख आढळला, आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली गेली. आपल्या धोरणासंबंधीच्या लॉबिंगची माहिती आपल्याला दुसऱ्या देशाच्या नोंदवहीतून मिळाली. 2013 मध्ये खासदार कलिकेश सिंह देव यांनी लॉबिंगची माहिती जाहीर करण्याचे खासगी विधेयक मांडले होते. तसा कायदा झाला नाही. माझ्यासारख्या माणसाची आज भारतात कुठेही नोंद नाही आणि मी कोणासाठी, किती मोबदल्यात काम करतो हे समितीला विचारण्याची सक्ती नाही. ती असावी, आणि ती आरोग्य संस्थांनाही लागू असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र समित्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत ते प्रमाण 16 टक्के होते. समिती टाळली गेली म्हणून लॉबिंग संपत नाही. ते मंत्रालयाच्या मजल्यावर जाते, जिथे निवेदनांची जाहिरात नसते, साक्षीदार नसतात आणि असहमत सदस्याला आपले भिन्नमताचे टिपण जोडण्याची सोय नसते. म्हणून सदोष असली तरी समितीची सुनावणी मला हवी आहे.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. लहान संस्थेला करता येण्यासारखे बरेच आहे. जाहिरातीची वाट पाहू नका. मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध होतो तेव्हाच कलमवार तक्ता तयार ठेवा. निवेदन आठ-दहा पानांचे, पहिल्या पानावर मागणी, नंतर पुरावा, आणि पुराव्यात भारतीय अभ्यास आधी. तोंडी साक्षीची इच्छा असल्याचे निवेदनातच लिहा, कारण न लिहिणाऱ्याला सहसा बोलावले जात नाही. आपल्या संस्थेला निधी कुठून मिळतो हे कोणी विचारले नाही तरी लिहा. त्यामुळे समोरच्या बाजूला तोच प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार मिळतो. समितीतील आपल्या राज्याच्या सदस्यांना एका पानाची माहिती मराठीत द्या. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी आवाज गमावलेल्या रुग्णांना घेऊन लोकप्रतिनिधींच्या भेटी घेतल्या, तेव्हा मी पाहिले आहे की, घशाला यंत्र लावून बोलणाऱ्या माणसापुढे कोणीही ‘पुरावा कुठे आहे’ असे विचारले नाही.

आणि विद्यार्थी म्हणून आपल्याला एखादा अहवाल तपासायचा असेल तर तो मागून वाचायला घ्या. परिशिष्टात निवेदन देणाऱ्यांची आणि साक्षीदारांची यादी बहुधा असते. दोन्ही याद्या शेजारी ठेवा: निवेदन कोणी दिले, त्यातले कोणाला बोलावले, कोणाला वगळले. मग उपलब्ध असलेली मूळ निवेदने घेऊन शिफारशींतील शब्द त्यांच्याशी ताडून पाहा. ज्या निवेदनाचा वाक्प्रचार जसाच्या तसा शिफारशीत सापडेल, तिथे पेन्सिलने खूण करा. शेवटी भिन्नमताची टिपणे वाचा, कारण बंद खोलीत कोणता मुद्दा मांडला गेला आणि फेटाळला गेला, हे बहुतेक वेळा फक्त तिथेच लिहिलेले असते.